लेकरांची जागल

(महोत्सवाच्या सप्ताहात मौदा येथील धर्मग्रामस्थांपुढे एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी गोड बोलावे, पूर्वजांचे गुण गावे व परमेश्वराचे आभार मानावे, अशी आपली रीत आहे. आणि ती योग्यच आहे. ज्यांनी ह्या मुलखात बैलगाडीने व पायी हिंडून श्रद्धेचे बी पेरले, त्यांचे ऋण आपणांवर आहेच. परंतु माझ्यावर सोपविलेला विषय तितकासा गोड नाही. आपल्या मंडळीतील लहान लेकरे व दुर्बळ माणसे सुरक्षित आहेत काय, आणि ती तशी राहावीत म्हणून आपण प्रत्येकाने काय करावयाचे, ह्याविषयी मला बोलावयाचे आहे. विषय अवघड आहे, सभेत मुलेही आहेत. म्हणून जपून बोलेन. पण आडपडदा ठेवणार नाही.

आपला मौद्याचा परिसर धानाचा. धान निसवले की आपल्यापैकी कित्येक जण रात्री जागलीला जातात. थंडी असो, डास असोत, शेतकरी बांधीच्या कडेला शेकोटी पेटवून रानडुकरांच्या चाहुलीकडे कान लावून बसतो. पिकासाठी आपण इतके जागतो. मग परमेश्वराने आपल्या ओटीत घातलेल्या लेकरांसाठी आपण किती रात्री जागलो, हा प्रश्न मी प्रथम स्वतःला व मग आपणांस विचारतो.

कोणी म्हणेल, 'आमची मुले तर देवळात येतात, धर्मशिक्षणाला येतात, ओळखीच्या घरी शिकवणीला जातात. तेथे कसले आले रानडुक्कर?' दुःखाची गोष्ट अशी की धोका बहुधा ओळखीच्या वाटेनेच येतो. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्रासह तेरा राज्यांतील 12,447 मुलांना त्यात विचारपूस केली होती. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे शेकडा 53 मुलांनी आपणांवर कोणत्या ना कोणत्या प्रकारे लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे वा विश्वासाच्या जागी असलेले होते. आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी: ह्या पीडितांत मुलगे मुलींहून कमी नव्हते, किंचित अधिकच होते. 'मुलाला काय होते!' असे म्हणून जे मायबाप निर्धास्त राहतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती.

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी, असे आपण म्हणतो. पवित्र शास्त्रातील दानिएलाच्या ग्रंथात सुसान्नेची कथा आहे, ती आपण मिस्सेत ऐकली असेल. दोन वडीलधारे, लोकांचे न्यायाधीश, एका साध्वीला बागेत एकटी गाठतात. ती वश होत नाही असे पाहून तिच्यावरच कुभांड रचतात. सारी सभा त्या दोघांवर विश्वास ठेवते. कारण काय? ते वडील होते, मानाचे होते, न्यायासनावर बसणारे होते! तिच्या शब्दाला मोल नव्हते. तिला मृत्युदंड ठरतो, तोच दानिएल नावाचा एक पोरगा उभा राहून म्हणतो, नीट चौकशी तर करा. चौकशी होते, आणि खोटे उघडे पडते. ही कथा आपल्या धर्मसभेने शतकानुशतके जपून ठेवली, ती उगाच नव्हे. पदाचा मान राखावा. परंतु पद पाहून सत्य ठरवू नये, हा तिचा बोध आहे.

येथे मला माझ्या स्वतःच्या अपराधाची कबुली दिली पाहिजे. मी शिक्षक होतो. कोणत्या शाळेत व कोणत्या गावी, ते महत्त्वाचे नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी सहावीतील एक मुलगा मधल्या सुटीत मजजवळ येऊन म्हणाला, 'गुरुजी, मी आता शिकवणीला त्यांच्या घरी जाणार नाही. माझ्या बाबांना तुम्ही सांगा.' मी विचारले, 'का रे?' तो खाली मान घालून उभा राहिला. मी काय करावे? मी त्याला दटावले. 'अभ्यास चुकवायला निमित्त शोधतोस!' असे बोललो. ज्यांच्या घरी तो जात असे, ते प्रतिष्ठित गृहस्थ होते व माझे स्नेही होते. दुसरा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. पुढे त्या मुलाचे अभ्यासातून लक्ष उडाले, आणि दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. त्याच्यावर काय गुदरले हे मला आजही ठाऊक नाही. मी विचारलेच नाही, तर ठाऊक होणार कसे? मूल धीर करून एकदाच दार ठोठावते. मी ते दार लावून घेतले. पापनिवेदनात मी हे सांगितले आहे, क्षमाही मिळाली आहे. पण त्या मुलाचे खाली घातलेले डोके अजून मला दिसते.

आपण गप्प का बसतो? 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपल्या हाडीमाशी खिळली आहे. घराची अब्रू, जातीची अब्रू, धर्मग्रामाची अब्रू! त्यातून आपण येथे मूठभर ख्रिस्ती. शेजारीपाजारी काय म्हणतील, ही धास्ती. ती धास्ती मला कळते. परंतु विचार करा: मुठीत जखमी लेकरू कोंडले असेल, तर त्या मुठीचे मोल सव्वा लाख कसले?

आता आपल्याच विदर्भातील एक प्रकरण सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुली राहत असत. 2019 साली तेथील गैरप्रकार उघडकीस आला, आणि 17 अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाल्याचे तपासात निघाले. त्या वसतिगृहातील मुलींच्या औषधोपचारासाठी नेमलेल्या एका डॉक्टरांवर असा आरोप ठेवण्यात आला की, त्यांना हे कळले असूनही त्यांनी पोलिसांस कळविले नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. पण 2 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. त्या डॉक्टरांचा दोष सिद्ध झाला असे मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने इतकेच ठरविले की प्रकरण आरंभीच मिटवून टाकता येत नाही. परंतु त्या निकालात न्यायमूर्तींनी जे तत्त्व सांगितले, ते आपण सर्वांनी मनावर कोरून ठेवावे: बालकावरील अत्याचार ठाऊक असूनही न कळविणे हा स्वतःच गंभीर गुन्हा आहे, आणि बहुतेक वेळा ती अपराध्याला पाठीशी घालण्याचीच खटपट असते.

हा कायदा 2012 सालचा. त्याला लोक 'पोक्सो' म्हणतात. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलगा व मुलगी त्याच्या छायेत येते. असा गुन्हा घडल्याचे, किंवा घडण्याचा संभव असल्याचे ज्याला कळेल, त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही. आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवील, तर त्यास एक वर्षापर्यंत कैद व दंड. शुद्ध हेतूने कळविणाऱ्यावर मात्र कसलाही ठपका येत नाही. 'आमच्या पोरीला पोलीस ठाण्यात ओढतील' ही भीतीही कायद्याने जाणली आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावा, होता होईल तो स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा, त्या वेळी गणवेश अंगावर नसावा, मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये, त्याचे नाव वर्तमानपत्रांत येऊ देऊ नये, असे नियम आहेत.

दुसरे प्रकरण नागपूर शहरातीलच. डिसेंबर 2016 मध्ये एका माणसाने बारा वर्षांच्या मुलीला पेरू देतो म्हणून आपल्या घरी नेले. आई शोधीत शोधीत तेथे पोहोचली. मुलीने रडत घडले ते सांगितले. त्या आईने काय केले? 'आता हे कोणाला सांगू नकोस' असे म्हटले नाही. मुलीला घेऊन ती तडक पोलिसांकडे गेली. खटला चालला, शिक्षा झाली. पुढे 19 जानेवारी 2021 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, अंगाला अंगाचा प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही ह्या कारणास्तव, पोक्सोखालील ती शिक्षा काढून टाकली. देशभर खळबळ उडाली. 18 नोव्हेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून मूळ शिक्षा पुन्हा कायम केली, आणि सांगितले की मध्ये कापड होते की नव्हते हा प्रश्न नसून स्पर्श करणाऱ्याचा हेतू कोणता हा प्रश्न आहे. आज देशातील प्रत्येक न्यायालयास हा निर्णय बंधनकारक आहे. त्याच्या मुळाशी काय होते? आपल्या लेकरावर विश्वास ठेवून त्याच दिवशी उठलेली एक आई.

बंधुभगिनींनो, इतरांच्या वसतिगृहांची व वस्त्यांची उदाहरणे देऊन मी थांबलो, तर तो ढोंगीपणा होईल. आपल्या धर्मसभेतही असे घडले आहे. जगात घडले, महाराष्ट्रातही घडले. मुंबईतील एका धर्मग्रामात 2015 साली तेरा वर्षांच्या एका मुलावर अत्याचार झाला. विशेष न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये तेथील धर्मगुरूस दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा दिली. ही बातमी कटू आहे; परंतु तिच्याहून अधिक मला बोचली ती दुसरी गोष्ट. त्या मुलाच्या आईने फेब्रुवारी 2019 मध्ये बीबीसीच्या वार्ताहरांस सांगितले की, पोलिसांकडे तक्रार केल्यानंतर देवळात आमच्याशी कोणी बोलेनासे झाले. मिस्सेच्या वेळी मी कोणाशेजारी जाऊन बसले, तर ते माणूस उठून दुसरीकडे जाई. शेवटी त्या कुटुंबाने ते देऊळही सोडले व घरही सोडले.

उठून जाणारी ती माणसे दुष्ट नव्हती. ती आपल्यासारखीच होती: मिस्सेला नेमाने येणारी, माळेची प्रार्थना करणारी. आपल्या धर्मगुरूंवर त्यांची माया होती, म्हणून त्यांना हे सोसवेना. पण ख्रिस्तशरीर ज्या वेदीवरून घ्यावयाचे, तिच्यासमोरच ती आई बाकावर एकटी राहिली. ह्या देवळातील बाके आपण सर्वांनी वर्गणी काढून केली आहेत ना? उद्या अशी एखादी माउली आपल्या बाकावर येऊन बसली, तर आपण उठणार की सरकून जागा देणार? माझ्या भाषणातील हाच खरा प्रश्न आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस महाराजांनी 7 मे 2019 रोजी साऱ्या धर्मसभेसाठी ह्या विषयावर नियम घालून दिले, आणि 2023 साली ते अधिक दृढ केले. धर्मगुरू अथवा व्रतस्थ ह्यांच्यापैकी कोणासही असा अपराध कळला, तर त्याने तो वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांस कळविलाच पाहिजे. तक्रार करणाऱ्यावर मौनाची सक्ती करता येणार नाही. आणि देशाच्या कायद्याप्रमाणे सरकारास कळविण्याचे कर्तव्य ह्या नियमांनी कमी होत नाही. पापनिवेदनाची मुद्रा अभंग आहे व अभंगच राहील. परंतु व्हरांड्यात, वर्गात, स्वयंपाकघरात लेकराने आपणांस जे सांगितले, ते पापनिवेदन नव्हे. ते तर साहाय्याचे आक्रंदन होय.

तर मग अशा वेळी करावे काय? संत योसेफाकडे पाहावे. बाळ येशूच्या जिवावर हेरोद उठला आहे असा इशारा स्वप्नात मिळताच तो सकाळची वाट पाहत बसला नाही. लोक काय म्हणतील, घराचे काय होईल, हा खल त्याने केला नाही. त्याच रात्री उठून, बाळाला व आईला घेऊन, तो मिसर देशाच्या वाटेला लागला. रक्षकाचे पहिले लक्षण हेच की तो उशीर करीत नाही.

मूल काही सांगू लागले, तर हातातले काम ठेवून ऐकावे. चेहऱ्यावर राग वा घृणा दाखवू नये. मुलाला वाटते की राग आपल्यावरच आहे. 'तू सांगितलेस ते बरे केलेस, ह्यात तुझा दोष नाही' एवढे आधी म्हणावे. खोदखोदून विचारू नये. उलटतपासणी हे आपले काम नव्हे. 'मी कोणालाही सांगणार नाही' असे वचन देऊ नये, कारण ते आपणांस पाळता येणार नाही. ज्याचे नाव आले, त्याला बोलावून समोरासमोर उभे करू नये. चार पंच बसवून समेट घडवू नये. अशा गोष्टीत समेट होत नसतो. 1098 हा बालकांच्या साहाय्याचा क्रमांक आहे. तो दिवसरात्र चालतो व त्यास पैसे पडत नाहीत. पोलिसांचा क्रमांक 112. हे दोन आकडे घराच्या भिंतीवर, कॅलेंडराजवळ, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. आणि हे सर्व त्याच दिवशी.

कोणी विचारील, 'आरोप खोटा असला तर? निरपराध माणसाची धूळधाण होईल.' हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच निवाडा आपण करावयाचा नाही. जाणूनबुजून खोटी फिर्याद करणाऱ्या प्रौढास कायद्याने शिक्षा आहे. तपास होईपर्यंत ज्याच्यावर आरोप आहे त्यास मुलांपासून दूर ठेवावे. पण चावडीवर त्याची निंदाही करू नये. सुसान्नेच्या वेळी दानिएलाने चौकशीच मागितली होती. चौकशीने निरपराध्याचेही रक्षण होते.

रोग होण्यापूर्वीची पथ्ये त्याहून सोपी आहेत. धर्मशिक्षण असो, गायनाची तालीम असो वा वेदीसेवकांचा वर्ग असो, एकटे मूल व एकटे मोठे माणूस बंद दाराआड नसावे. दार उघडे असावे, दुसरे प्रौढ माणूस नजरेच्या टप्प्यात असावे. नाताळची गव्हाणी करण्यासाठी मुले रात्री थांबतात. त्यांना घरी पोहोचविण्याची जबाबदारी दोघांवर सोपवावी. सहलीत मुलांची निजण्याची जागा मोठ्यांपासून वेगळी असावी, आणि राखणीस एकाहून अधिक प्रौढ असावेत. मुलांशी मोबाईलवर लपूनछपून संदेशांची देवघेव करू नये. पालकांस ठाऊक असेल तेवढीच असावी. मुलांसोबत काम करण्यास नवे माणूस येईल, तर त्याची पूर्वीची चौकशी करावी. गोड बोलतो व पेटी छान वाजवतो एवढ्यावर भागवू नये. हे नियम धर्मगुरूंसही लागू, धर्मभगिनींसही लागू, आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्या गुरुजींसही लागू. चांगल्या माणसाला त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही. ह्या नियमांनी त्याच्याही नावाला संरक्षण मिळते.

दुर्बळ म्हणजे केवळ लहान मुले नव्हेत. अंथरुणाला खिळलेली आजी, मतिमंद म्हणून घरात कोंडलेला तरुण, परक्या घरी कामाला राहणारी गावाकडची पोर, आधार नसलेली विधवा, ही सारी आपल्या राखणीतील माणसे आहेत. म्हातारीचा अंगठा घेऊन शेत नावावर करून घ्यावयाचे व मग तिला पडवीत टाकावयाचे, असे प्रकार आपल्यात नाहीतच, असे कोण छातीवर हात ठेवून म्हणेल? 2007 सालच्या कायद्याप्रमाणे अशा मातापित्यांस उपविभागीय पातळीवरील न्यायाधिकरणाकडे पोटगी मागता येते. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, परत मिळविता येते. वृद्धांच्या साहाय्याचा क्रमांक 14567 हा आहे. आजाऱ्यांस ख्रिस्तप्रसाद घेऊन जे जातात, त्यांनी प्रसाद देऊन लगेच परतू नये. घडीभर बसावे, जेवली का विचारावे, घरच्यांच्या पाठीमागे दोन शब्द बोलू द्यावे. अशा वेळीच पुष्कळ गोष्टी कळतात.

बंधुभगिनींनो, ज्युबिली हा शब्द कोठून आला ते आपण जाणताच. जुन्या करारातील लोक पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकीत, आणि त्या नादाबरोबर दास मोकळे होत, गेलेली जमीन मूळ घराला परत मिळे. तो नुसता उत्सव नव्हता. ती सुटका होती. आपणही देवळाला रंग दिला, पताका लावल्या, ही स्मरणिका काढली. आता एक सुटका आपल्या हातून घडो. ह्या मंडळीत कोणी असे असेल, लहान वा मोठे, ज्याने आपले दुःख वर्षानुवर्षे गिळून ठेवले आहे, त्याला आजपासून ठाऊक असावे की येथे त्याचे ऐकले जाईल, आणि ऐकून झाल्यावर त्याच्या शेजारचे कोणी उठून जाणार नाही.

उद्याच्या महोत्सवी मिस्सेला जागा धरताना हे बोलणे आठवावे, एवढीच विनंती. आणि ज्यांचे मूल अलीकडे गप्प गप्प असते, शिकवणीला वा आणखी कोठे जाण्यास कारण न सांगता नकार देते, त्यांनी आज रात्री निजण्यापूर्वी त्याच्या उशाशी बसून, मी जे विचारले नाही, ते मायेने विचारावे.

पवित्र कुटुंबाचा राखणदार संत योसेफ आपणां सर्वांस जागे ठेवो. इतके बोलून मी आपली रजा घेतो.